अध्यक्ष उठेपर्यंत

जळाचा जो अधिपती, ज्याच्यापासून माणसाचे पापणी मिटणेही लपत नाही आणि असत्य बोलणाऱ्याभोवती ज्याचा पाश सावकाश आवळत जातो, त्या वरुणदेवाला प्रथम वंदन करतो. ज्याच्या अंगणात मी बाराखडी गिरवली, त्या चिंचवडच्या मंगलमूर्तीला त्यानंतर. गेल्या पंधरवड्यात माझी भीमरथी शांती यथाविधी पार पडली. सत्तरी गाठलेल्या मनुष्याने मागे वळून पाहावे आणि मुलानातवंडांसाठी चार शब्द लिहून ठेवावेत, असा आग्रह घरच्यांनी धरला. नौदलातल्या माझ्या नोकरीबद्दल लिहावे, देशोदेशीची बंदरे आणि वादळे यांचे वर्णन करावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ती बंदरे मी पाहिली आणि वादळेही सोसली. परंतु लिहिणार आहे ते चाकणच्या एका हॉटेलात झालेल्या दुपारच्या जेवणाविषयी, कारण माझ्या नोकरीचा निकाल तिथे लागला.

माझे वडील चिंचवडच्या पाठशाळेत शास्त्री होते. मीही तिथेच शिकलो, आणि मग गणिताच्या ओढीने कॉलेजात व तिथून नौदलात गेलो. समुद्र ओलांडणे शास्त्रात निषिद्ध मानले आहे, म्हणून गल्लीतल्या चार वृद्धांनी वडिलांना जाब विचारला. वडील त्यांना म्हणाले, की ज्यांनी तो निषेध लिहिला त्यांच्या दाराशी शत्रूची जहाजे येत नव्हती. मला मात्र त्यांनी एकच अट घातली. संध्या सोडायची नाही. ती मी सोडली नाही. जहाजावरच्या अरुंद खोलीत, लाटांनी पळीतले पाणी सांडत असतानाही, सूर्योदयाच्या आधी मी अर्घ्य देत असे. सहकारी मला 'भटजी' म्हणत. त्या शब्दात तेव्हा विष नव्हते.

मी नेव्हिगेटर झालो. जहाज कुठून न्यायचे, खाली पाणी किती, ओहोटी कधी, हे सांगणारा अधिकारी तो. हुकूम मात्र कप्तानाचा. आमचे कप्तान देखणे, बोलके आणि अतिशय महत्त्वाकांक्षी होते. अंदमानातल्या एका लहानशा बेटापाशी आम्हांला नांगर टाकायचा होता. ताफ्याचे प्रमुख त्या सकाळी तिथे येणार होते, आणि आपले जहाज सोबतच्या दुसऱ्या जहाजाच्या आधी नांगरलेले दिसावे, असा कप्तानांचा हट्ट होता. पहाट फुटत होती. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या त्या उंच कक्षात, आम्ही तिघे अधिकारी होतो. कप्तान, मी आणि पाळीवरचा एक कोवळा सबलेफ्टनंट.

मी म्हणालो, "सर, या वाटेत प्रवाळाचा खडक आहे. ओहोटीत पाणी पुरणार नाही. बाहेरून वळसा घेऊ."

"वळसा भित्र्यांनी घ्यावा," ते म्हणाले. "सरळ चला."

मी पुन्हा सांगितले, आवाज चढवून सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. थोड्याच वेळात जहाजाच्या तळातून एक लांब, करकरता आवाज आला. पुढे आयुष्यभर कुठे दळणाची चक्की सुरू झाली तरी मला तो आवाज ऐकू येत असे. प्राणहानी झाली नाही. जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची पाती वाकली, जहाज ओढून न्यावे लागले.

चौकशी समितीपुढे कप्तान शपथेवर काय बोलले ते ऐका. ते म्हणाले, की नेव्हिगेटर ब्रिजवर नव्हताच. तो खाली आपल्या खोलीत पूजेला बसला होता, दोनदा निरोप पाठवूनही आला नाही, म्हणून मला एकट्याने जहाज न्यावे लागले. ही गोष्ट सर्वांना पटली, कारण पहाटे मी संध्येला बसतो हे जहाजावर खलाशांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना माहीत होते. खोटे बोलणाऱ्याने माझ्यातली सर्वांत खरी गोष्ट उचलली आणि तिच्यावर आपले खोटे उभे केले. सबलेफ्टनंटला विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला की आपले लक्ष समुद्राकडे होते, मागे कोण उभे होते ते आठवत नाही. मी खरे ते सांगितले, पण माझ्या बाजूने साक्षीदार उरला नव्हता.

माझ्या नोंदीत तीव्र नाराजीचा शेरा पडला. मी रजेवर घरी आलो, तेव्हा ती बातमी चिंचवडच्या गल्लीत माझ्या आधी पोचली होती. वडील पाटावर बसले होते. त्यांनी ना जहाजाबद्दल विचारले, ना समितीबद्दल. एवढेच विचारले, "त्या दिवशी अर्घ्य कधी दिलेस?"

मी सांगितले, की जहाज खडकावर टेकले, पंप लावले, तळात पाणी शिरत नाही याची खात्री झाली, त्यानंतर खाली गेलो. सूर्य बराच वर आला होता. काळ उलटून गेला म्हणून नेहमीच्या तिनांखेरीज प्रायश्चित्ताचे चौथे अर्घ्यही दिले.

"म्हणजे तो मनुष्य खोटे बोलला," वडील म्हणाले. त्यांना दुसऱ्या पुराव्याची गरज वाटली नाही. मग ते म्हणाले, "तुझी बढती गेली याचे मला फारसे काही नाही. पण त्याने संध्येला साक्षीला उभे केले आणि तिच्या तोंडी असत्य घातले. हे सोडू नकोस. घाई करू नकोस, पण सोडू नकोस."

ते माझ्याशी या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

माझी पुढची नोकरी थोडक्यात सांगतो. मी कमोडोर झालो, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने बराच वर चढलो. पण सर्व पदे जमिनीवरची मिळाली. प्रशिक्षण संस्था, गोदी, दिल्लीतले कार्यालय. ज्याने नेव्हिगेटर म्हणून आयुष्य सुरू केले, त्याच्या मनात एकच इच्छा असते, की एक जहाज आपल्या हुकमाने चालावे. ते मला कधीच मिळाले नाही. प्रत्येक वेळी निवड समितीत कोणीतरी हसत विचारत असे, "हाच ना तो पूजेवाला?" ते कप्तान मात्र ताऱ्यामागून तारा मिळवत व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्त झाले. नौदलाच्या मेजवान्यांतून ती गोष्ट विनोद म्हणून सांगण्याची त्यांना सवय जडली. प्रत्येक वेळी ती थोडी वाढत असे. पुढे पुढे तिच्यात घंटा आली, शंख आला, आणि मी आरती संपवूनच येतो असे म्हणालो, हेही आले.

मी शांत स्वभावाचा मनुष्य आहे, असे लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण शांत असणे म्हणजे विसरणे नव्हे. रोज पहाटे आचमन करून डोळे मिटले की सूर्यमंडळाच्या आधी तो देखणा चेहरा दिसत असे. मी तो दूर सारत नसे. त्याला सांगत असे, की थांब.

निवृत्तीनंतर आम्ही पुनावळ्यात मुलाकडे राहायला आलो. तो हिंजवडीत नोकरीला आहे. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे ज्यांची शेती होती, ते गृहस्थ आता त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि संध्याकाळी माझ्यासोबत बाकावर बसतात. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी मला अचानक विचारले, "काका, रागावणार न्हाई ना? तुमी म्हणं पूजंला बसला व्हता आन् तिकडं जहाज खडकावर गेलं. खरं हाय का?"

मी विचारले, हे कोणी सांगितले.

"ते पलीकडच्या सोसायटीत नवं आल्यात ना, मोठं साहेब. पोरीकडं राहत्यात. बागेत समद्यांना हसवत व्हते. म्हणलं, आपलं काका तर असं न्हाईत."

व्हाइस ॲडमिरल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायला आले होते. त्यांच्या जावयाचा चाकणला पंप आणि व्हॉल्व्ह बनवण्याचा कारखाना आहे, आणि तिथे ते सल्लागार म्हणून जात. मी सर्व हकीकत त्या शेजाऱ्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि विचारले, "मग त्याला सोडला व्हय तुमी?"

"अजून नाही," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी ॲडमिरल बागेत भेटले. ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेले, पण केस अजून नीट बसवलेले. "अरे, भटजी!" असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सोबतच्या मंडळींना हसत सांगितले की हाच तो. मी नमस्कार केला आणि त्यांच्या बाजूला बसलो. त्यानंतर मी रोज बसू लागलो. माझ्या पत्नीला ते विचित्र वाटले. तिने विचारले, "अहो, त्या माणसाशेजारी तुम्हांला बसवते तरी कसे?" मी तिला म्हणालो की ओहोटीचे वेळापत्रक पाठ केल्याशिवाय जहाज हलवत नाहीत. त्या बाकावरच मला कळले की रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेतात, आणि पुनावळ्याहून चाकणला जाताना गाडी दोनदा थांबवावी लागते. ते स्वतःच हसत सांगत असत.

आमच्या भागात नौदलातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांचा एक गट आहे. वर्षातून एकदा आम्ही मेसच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाच्या, पद्धतीने जेवतो. पूर्वी हे जेवण रात्री होई, पण चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या गर्दीतून वृद्धांनी रात्री परतणे अवघड, म्हणून ते दुपारी आणले. जागा बदलली तरी रिवाज बदलले नाहीत. त्यांतला मुख्य रिवाज असा. टेबलाच्या एका टोकाला त्या दिवसाचा अध्यक्ष बसतो आणि दुसऱ्या टोकाला उपाध्यक्ष. अध्यक्षपद हुद्द्याने मिळत नाही, पाळीने मिळते. आणि एकदा अध्यक्ष बसला, की पंगतीत ॲडमिरल असो वा कोणी असो, त्याचा अधिकार सर्वांवर चालतो. राष्ट्रपतींच्या नावे शेवटचा पेला उंचावून अध्यक्ष उठेपर्यंत कोणीही खुर्ची सोडायची नाही. कोणत्याही कारणाने नाही.

या वर्षीची पाळी माझी होती. तिथे उपाध्यक्ष सर्वांत कनिष्ठ अधिकारी असतो, आणि तो होता आमचा जुना सबलेफ्टनंट, आता थेरगावात राहणारा, पांढऱ्या मिशांचा. ॲडमिरलांच्या जावयाच्या कारखान्याने यजमानपद घेतले होते, म्हणून ते माझ्या उजव्या हाताला बसले.

मी त्यांचे आतिथ्य मनापासून केले. मठ्ठा उत्तम झाला होता. आपल्याकडे आग्रहाची पद्धत आहेच. मी वाढप्याला खुणावत राहिलो, आणि "सर, माझ्यासाठी एवढा तरी घ्या" असे म्हणत त्यांचा पेला रिकामा राहू दिला नाही. त्यांनी तो आनंदाने घेतला. मनात काय होते ते लपवून मला धार्मिक दिसायचे नाही, म्हणून लिहितो, की प्रत्येक पेल्यागणिक मला समाधान वाटत होते.

आइस्क्रीम आले. मंडळींनी ॲडमिरलांना किस्सा सांगण्याची विनंती केली, आणि त्यांनी तोच किस्सा सांगितला. घंटा, शंख, आरती. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाच्या कृपेनं आज आमचे अध्यक्ष जेवणाला तरी वेळेवर आले." सर्व हसले. उपाध्यक्ष हसला नाही.

आता मी लाकडी हातोडी आपटून पेला उंचवायचा होता. मी हातोडी बाजूला ठेवली.

मी म्हणालो, "या गोष्टीत एक दुरुस्ती राहिली आहे. ती सर करतील. मग आपण उठू."

प्रथम पुन्हा हशा झाला. ॲडमिरलही हसले. मी हात मांडीवर ठेवले आणि पाठ सरळ करून बसलो. लहानपणी पाठशाळेत आम्हांला एका आसनावर न हलता बसण्याची शिकवण मिळाली होती. एका पायाला मुंग्या आल्या तरी दुसरा हलवायचा नाही. ती विद्या इतक्या वर्षांनी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

हशा विरला. कोणीतरी खोकले. आइस्क्रीम वितळून वाट्यांत पाणी झाले. वाढपी वाट्या उचलायला आला, आणि टेबलावरची शांतता पाहून परत गेला. ॲडमिरल खालच्या आवाजात म्हणाले, "भटजी, पुरे आता. माणसं खोळंबली आहेत."

माझे हात मांडीवरच राहिले.

त्यांनी खुर्चीत कूस बदलली. मग पुन्हा बदलली. त्यांच्या कपाळावर घाम आला. उठून जाणे त्यांना शक्य होते, दार दहा पावलांवर होते. पण हाच रिवाज त्यांनी सेवेत असताना इतक्या कठोरपणे चालवला होता, की एका आजारी इंजिनिअर अधिकाऱ्याला त्यांनी भर पंगतीत बसवून ठेवले होते आणि नंतर त्याचे वर्णन करून पोट धरून हसले होते. ती गोष्ट त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती. ते उठले असते, तर आता हसण्याची पाळी इतरांची होती. त्यांना कोणी बांधून ठेवले नव्हते, आणि तरीही त्यांना हलता येत नव्हते.

ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळले. "अरे, तू तरी सांग यांना. तू होतास ना तिथं."

उपाध्यक्षाने मिशांवरून हात फिरवला. "सर, तेव्हा मला आठवत नव्हतं," तो म्हणाला. "आज आठवतंय, पण अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही."

कोणीतरी हसू दाबले. ॲडमिरलांनी माझ्याकडे पाहिले. उपाध्यक्षाला परवानगी देणे मला सहज शक्य होते, आणि सत्य त्याच क्षणी बाहेर आले असते. मी दिली नाही. ते शब्द मला ज्या मुखातून गेले होते त्याच मुखातून परत हवे होते.

शेवटी ते म्हणाले, "होता. ब्रिजवर होता."

"मी काय म्हणालो होतो, सर?"

"वळसा घ्या म्हणाला होतास."

"आणि संध्या?"

त्यांनी डोळे मिटले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पूजेचं मी रचलं होतं. तो माझ्या शेजारी उभा होता, आणि मी त्याचं ऐकलं नाही. बस? आता उठ."

मी हातोडी आपटली. पेला हातात घेतला, आणि राष्ट्रपतींच्या नावाचा तो उच्चार रिवाजाप्रमाणे, कुठेही न गाळता, सावकाश केला. तो लवकर उरकणे मला शक्य होते. मी उरकला नाही. मग उठलो. सर्व उठले. ॲडमिरलही उठले, पण दारापर्यंत पोचण्याआधीच त्यांच्या पांढऱ्या विजारीवर जे व्हायचे ते झाले. इतरांनी सभ्यपणाने माना फिरवल्या. मी फिरवली नाही. पाहत राहिलो.

घरी आल्यावर पत्नीला सर्व सांगितले. ती देवाजवळ दिवा लावत होती. वात सारखी करून ती म्हणाली, "सत्य वदवलंत, ते योग्य झालं. पण शेवटचं पाहायला नको होतं." मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचे म्हणणे बरोबर असेल. मला मात्र त्याचा पश्चात्ताप झालेला नाही, आणि शांतीच्या होमापुढे बसलो तेव्हाही झाला नाही. लोक विचारतात, क्षमा? क्षमा मागणाऱ्याला द्यायची असते. माझ्याकडे ती कोणी मागायला आलेले नाही.

चार दिवसांनी उपाध्यक्ष थेरगावहून माझ्याकडे आला. आधी तो त्या चौकशीबद्दल बोलला आणि रडला. मी त्याला चहा दिला. त्याने मागितली, म्हणून त्याला क्षमाही दिली. मग त्याने ॲडमिरलांचा निरोप सांगितला. मेसमध्ये बोललेले मेसबाहेर जात नाही, हाही नौदलाचा जुना रिवाज आहे, भटजी तो पाळतील अशी खात्री आहे, असा तो निरोप होता.

मी दोन रात्री त्यावर विचार केला, कारण मी रिवाज पाळणारा मनुष्य आहे, आणि त्यांनी मला नेमके तिथेच धरले होते. परंतु त्यांचे असत्य मेसमध्ये राहिले नव्हते. ते निवड समित्यांतून फिरले, चिंचवडच्या गल्लीत शिरले, माझ्या वडिलांच्या पाटापर्यंत गेले आणि शेवटी पुनावळ्याच्या बागेतल्या बाकावर येऊन बसले. असत्याला इतकी मोकळीक आणि सत्याला मात्र चार भिंती, असा रिवाज कोणत्याही नौदलात नसेल. मी उपाध्यक्षाला सांगितले, की सरांना माझा नमस्कार कळव, आणि सांग की मी कोणाचे नाव घेणार नाही. पण गोष्ट सांगणार, आणि त्यांनी जितक्यांना सांगितली त्यांच्याहून अधिकांना सांगणार.

त्याच संध्याकाळी चाकणच्या जेवणाची ती गोष्ट प्रथम चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगितली. ॲडमिरल आता त्या बागेत येत नाहीत. त्यांची मुलगी एकदा रस्त्यात भेटली, तिने मान वळवली. मला तिच्याबद्दल वाईट वाटले, तिच्या वडिलांबद्दल नाही. आणि आता नातेवाइकांत वाटण्यासाठी ही पाने छापायला देत आहे, म्हणजे वडिलांनी सोपवलेले काम माझ्या बाजूने पुरे होईल.

वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी दूध, तूप आणि धान्य यांची कधी वाण न पडो. तुझी लेकरे निरोगी राहोत आणि वडीलधारी शंभर शरद पाहोत. तुझ्या घरातल्या कोणावर खोटा आळ न येवो. आणि आलाच, तर तो ज्याने घातला त्याच्याच तोंडून तो उतरलेला ऐकण्याइतके दीर्घ आयुष्य परमेश्वर तुम्हां सर्वांना देवो. शुभं भवतु.